बियाण्याचे वाल

रोह्याच्या सरकारी दवाखान्यात रंभा पोचली तेव्हा दिनानाथच्या अंगातला सदरा कात्रीने कापून काढलेला होता. तिचं पहिलं लक्ष गेलं ते त्या सदऱ्याकडे. गेल्या दिवाळीचा, कॉलरसुद्धा अजून विटली नव्हती. नवरा खाटेवर तोंडाला फेस आणून पडलेला असताना बायकोला सदरा दिसावा, याचं पुढे कितीतरी दिवस तिचं तिलाच नवल वाटत राहिलं. पण जे सोसवणार नाही त्याच्याकडे माणूस आधी बघत नाही, त्याच्या बाजूला काय पडलंय ते बघतो.

मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. दुपारचे तीन वाजून गेले होते, पंखा गरगरत होता आणि तरी दिनानाथ विहिरीतून वर काढल्यासारखा भिजलेला होता. दंडाचं मांस आतल्या आत थरथरत होतं. डॉक्टरने बॅटरी मारून त्याची पापणी वर केली, तेव्हा डोळ्यातली बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी दिसली.

"वयनी, घाबरू नका," रघू म्हणाला. रघू धाटावच्या कंपनीत दिनानाथच्या बरोबरीने बॉयलरवर होता. त्यानेच गावात निरोप धाडला होता. "एस्टी स्टँडवर बाकड्यापाशी पडलेला. मी सेकंड शिफ्टला चाललेलो म्हणून नजरेला आला."

"स्टँडवर? यांची तर फर्स्ट शिफ्ट हाय. पहाटे डबा घेऊन गेलेत."

रघूने तिच्या हातात दिनानाथचा डबा ठेवला आणि शिफ्टला उशीर होतोय म्हणून तो निघाला. दारात क्षणभर घुटमळला. डबा जड लागत होता. भूक नसेल लागली, असं म्हणून रंभाने तो बाकाखाली सारला.

डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा. प्रश्न विचारताना तो माणसाकडे न बघता हातातल्या कागदाकडे बघायचा, त्यामुळे रंभाला उत्तर नेमकं कुणाला द्यायचं तेच कळेना.

"कंपनीत कसल्या पावडरीशी, वायूशी काम असतं का?"

"बॉयलरवर हायत. कोळसा टाकतात."

"नखांत हा पिवळा रंग कसला?"

"कंपनीतलाच असंल."

डॉक्टर आपल्या खोलीत जाऊन फोन करून आला. आता मात्र त्याने सरळ तिच्याकडे पाहिलं.

"बाई, तुमचे मिस्टर आज कामावर गेलेलेच नाहीत. मागचे तीन मंगळवारसुद्धा नाहीत. रजेचे अर्ज आहेत."

चार मंगळवार रंभा पहाटे चारला उठून भाकऱ्या थापत होती आणि मागचे तीन मंगळवार हा माणूस दुपारी घरी येऊन, पाय धुऊन, आज फार गरम होतं हो बॉयलरपाशी, असं म्हणत होता.

"घरात औषध होतं का? पिकावर मारायचं?" डॉक्टरने विचारलं. मग आवाज खाली आणून, "काही भांडण?"

खोलीत आणखी दोन खाटा होत्या. एकीवर पाय मोडलेला म्हातारा कण्हत होता. हा प्रश्न आला आणि त्याचं कण्हणं थांबलं.

"भांडण नाय," रंभा म्हणाली. "आमच्यात भांडण होत नाय." हे खरंच होतं. बोलायची ती आणि ऐकायचा तो, अशी त्यांच्या संसाराची घडी बसली होती. "आणि ते तसलं काय करायचे नायत."

"तसं असेल तर बरंच. पण विषाची लक्षणं आहेत. मी सुया सुरू केल्यात. पोलिसांना कळवावं लागतं, नियमच आहे तो."

साडेचारला हवालदार आला. रेनकोट दारामागे टांगून, वही मांडीवर घेऊन तो स्टुलावर बसला. त्याच्या पाठोपाठ शांती आली. शांती दिनानाथची धाकटी बहीण, रोह्यातच दिलेली. वैशाखात भावाभावांची वाटणी झाली तेव्हा तिने थोरल्या महिपतीची बाजू सोडून रंभाची बाजू घेतली होती आणि तेव्हापासून दोघींचं गूळपीठ होतं. ते गूळपीठ दवाखान्याच्या दारातच पातळ झालं.

"काय बोललीस गो तू त्याला?" शांतीने आत येता येता विचारलं. "दादा मुंगीला पाय लावणारा नव्हं. काय बोललीस म्हणून त्यानं औषध घेतलान?"

"औषध नाय घेतलेलं."

"मंग काय, प्रसाद खाल्लान?"

हवालदाराने वहीत काहीतरी लिहिलं. रंभा भिंतीला टेकून उभी राहिली. आपल्यावर आळ येतोय याचं तिला तेवढं दुःख झालं नाही. नणंद इतक्या पटकन फिरली याचं झालं. मोठ्या भावोजींनाही वैशाखात असंच झालं असेल, हा विचार तिच्या मनात पहिल्यांदा आला. तिने तो घालवून दिला.

पाचच्या सुमाराला सुयांचा गुण दिसू लागला. घाम आटला, फेस थांबला, तोंड लालबुंद झालं. दिनानाथ बोलू लागला, पण त्या बोलण्याला शेंडाबुडखा नव्हता. त्याचा उजवा हात वर उठून हवेत काहीतरी करत होता. दोन बोटं अंगठ्याला चिकटवून हळूच खाली ओढायची, थांबायचं, पुन्हा ओढायची.

"औषधाने भास होतात, काळजी करू नका," डॉक्टर म्हणाला. "पण मला एक कळू द्या. यांनी दुपारी काय खाल्लं?"

"माठाची भाजी नि भाकरी. मीच दिलेली."

"डबा आहे?"

रंभाने डबा बाकाखालून ओढला आणि झाकण काढलं. आत माठाची भाजी नव्हती. भाकरीही नव्हती. काठोकाठ वालाचं बिरडं होतं.

"हे माठ?" डॉक्टरने विचारलं. त्याला भाज्यांतलं फारसं कळत नसावं.

रंभाचं तिकडे लक्ष नव्हतं. बिरड्यात मिरच्या होत्या, त्या चिरलेल्या नव्हत्या, हाताने मोडून टाकलेल्या होत्या. अशी मिरची मोडून टाकणारी बाई तिच्या माहितीत एकच होती. तिची थोरली जाऊ, हौसा. तेरा वर्षं रंभा हौसाच्या चुलीवरचं जेवली होती. ते बिरडं कितीही चांगलं झालं तरी चांगलं झालंय असं तेरा वर्षांत एकदाही तिच्या तोंडून निघालं नव्हतं. मनात आलं तरी ती पाणी पिऊन गिळून टाकायची.

म्हणजे मंगळवारी हा माणूस पेणजवळच्या हमरापूरला जात होता. वाटणीनंतर महिपती आणि हौसा तिथेच राहायला गेले होते, हौसाच्या माहेरी. तिथे घरोघरी गणपतीच्या मूर्ती घडतात. महिपतीने भातशेतीचा नांगर ठेवून रंगाचा ब्रश धरला होता आणि गणपती आता तीन आठवड्यांवर आले होते. नखांतला पिवळा रंग पितांबराचा होता. तो हात हवेत पितांबरच ओढत होता.

रंभाला आधी राग आला, आणि तो चांगला सणसणीत आला. त्या उंबऱ्याला पाय लावलात तर माझ्या हातचं जेवायचं नाय, असं तिने वैशाखात बजावलं होतं. दिनानाथने मंगळवारपुरता तिचा शब्द तंतोतंत पाळला होता. तिची भाकरी पेणच्या स्टँडवरची गुरं खात असणार.

रागाच्या भरातच तिने डब्यातला एक दाणा बोटावर घेतला. टपोरा, दुसऱ्या दाण्याएवढाच. तिसराही तेवढाच. बाजारच्या वालात असं होत नाही. तिथे बारके, मोठे, किडके सगळे एका मापात येतात. एका जातीचे, एका अंगाचे वाल म्हणजे निवडून ठेवलेलं बी.

रंभाने तो दाणा डब्यात टाकला आणि हात लुगड्याला पुसला. पुन्हा पुसला.

वाटणीत भांडी, गुरं, पेंढा, सगळं झालं होतं. नदीकाठचा वालाचा तुकडा रंभाने भांडून आपल्याकडे घेतला होता. ओल धरणारा, अख्ख्या गावात नावाजलेला तुकडा. ते ऐकून हौसा काहीच बोलली नव्हती. अगदी शेवटी, गाडीत चढायच्या आधी ती म्हणाली, "बियाण्याचे वाल अर्धे दे." दर साली होळीनंतर सूप घेऊन एकेक दाणा निवडायची ती हौसाच, आणि राखेत घोळवून मडक्यात भरायचीही तीच. पण त्या साली होळीनंतर हौसा भाचीच्या लग्नाला माहेरी गेली होती. रंभाने वाल निवडले हौसासारखेच, पण राख नाही लावली. रोह्याच्या दुकानातून कीड न लागायची पावडर आणली. दुकानदार पायलीला चमचाभर सांगत होता. चमचाभराने काय होतंय, म्हणून हिने दोन मुठी घातल्या.

आणि वैशाखात त्यातले अर्धे फडक्यात बांधून जावेच्या हातात दिले. पावडरीचं बोलली नाही. बी आहे, पेरतील. पेरायचं बी शिजवून खाणारं घर त्या पट्ट्यात नव्हतं. उपास पडला तरी बायका बियाण्याच्या मडक्याला हात लावत नाहीत. हौसाने ते शिजवलं. म्हणजे आता आपल्याला पेरायचं नाही, असं तिने मनाशी धरलं असणार.

"मी काय म्हणतोय बाई," डॉक्टर बोलत होता, "यांना उतार पडतोय. पण हे जर जेवणातून गेलं असेल, तर त्या पंक्तीला आणखी कोण होतं?"

रंभाने शांतीकडे पाहिलं. शांतीही त्याच घरात वाढलेली. डब्यातली मोडलेली मिरची तिनेही ओळखली होती. तिने रंभाला दंडाला धरून खिडकीपाशी नेलं.

"थोरल्या वयनीकडचं हाय ना हे? त्यात काय होतं?"

रंभाने दोन वाक्यांत सांगितलं.

शांतीचं तोंड उतरलं. मग तिने इकडे तिकडे बघून आवाज बारीक केला. "गप बस. हवालदार बसलाय तिथं. वाटणीत भांडण, आणि मंग जावंला विषाचं बी दिलंस, असं लिहील तो. गाव काय बोलंल? दादा आता बरा होतोय. काय सांगायची गरज हाय?"

"तिकडं ते पण जेवले असतील."

"त्यांना कायतरी झालं असतं तर निरोप आला असता."

शांती पुन्हा तिच्या बाजूला आली होती. रंभाला ते कळलं, आणि बरं वाटलं, हे खोटं कशाला बोला. नवरा वाचत होता. डबा मोरीत ओतला तर हे बिरडं कुठलं, कुणाचं, हे कुणाला कधी कळणार नव्हतं. दिनानाथ मुळातच कमी बोलणारा. सगळं पूर्वीसारखं राहिलं असतं. फक्त हमरापुरात काय झालं ते मागाहून कळलं असतं.

पाय मोडलेल्या म्हाताऱ्याने पाणी मागितलं, नर्सने दिलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ते वाल माझे."

आणि मग तिने सगळं सांगितलं. पावडर, दोन मुठी, फडकं, हमरापूर, महिपतीचं नाव, हौसाच्या भावाचं नाव, आळी. डॉक्टर अर्ध्यातच उठून फोनकडे पळाला. शांती भिंतीकडे तोंड करून बसली.

हवालदाराने पान उलटलं. "बी देतानाच का नाही सांगितलं?"

"पेरायचं बी कोण खातंय?"

"म्हणजे विसरलात, असं लिहू?"

इथे तिला हो म्हणता आलं असतं. हवालदार बिचारा तिला वाटच करून देत होता. रंभाने जरा विचार केला.

"विसरले नव्हते," ती म्हणाली. "जिभेवर आलेलं. पण तिनं माझ्याकडं बघितलं नाय, नुसता हात पुढं केलान. मनात बोलले, विचारील तर सांगीन."

हवालदाराने पेन थांबवलं. त्याला बहुधा घरी दोन सुना असाव्यात. त्याने काय लिहिलं ते रंभाला वाचता आलं नाही, पण ते फार थोडं होतं. डबा मात्र त्याने दोऱ्याने बांधून, वर कागद चिकटवून ताब्यात घेतला.

त्यानंतरचा दीड तास असा गेला की त्यात काहीच घडलं नाही. दिनानाथ पितांबर रंगवत होता. नर्स दर थोड्या वेळाने येऊन त्याच्या डोळ्यात बॅटरी मारत होती. बाहुली मोहरीची मिरीएवढी झाली, मिरीची वाटाण्याएवढी. रंभा स्टुलावर बसून त्याचा डावा हात धरून होती. नवऱ्याचा हात असा चारचौघांत तिने कधी धरला नव्हता. शांतीने उठून चहा आणला, दोन कप. एक रंभापुढे ठेवला.

दिवेलागणीला डॉक्टर दारात आला. "पेणच्या दवाखान्यातून फोन आहे. तुमच्या जाऊबाई. तुमच्याशीच बोलायचं म्हणतात."

डॉक्टरच्या टेबलापाशी उभं राहून रंभाने फोन कानाला लावला.

"रंभा काय गो?"

"व्हय बाय. मोठे भावोजी?"

"हायत. दोन वाजल्यापास्नं उलट्या. आम्ही बोललो पित्त झालं, ताक पाजत होतो. डॉक्टरला इकडं काय समजत नव्हतं. मंग तुमच्याकडचा फोन आला, तेव्हा सुया टोचल्या. उतरंल बोललेत. भावोजी कसं हायत?"

"हवेत रंगवतायत."

"हे पन तेच करतायत," हौसा म्हणाली.

तिकडे पेणला एक, इकडे रोह्याला एक, असे दोन भाऊ हवेत पितांबर रंगवत होते.

"तू जेवलीस?" रंभाने विचारलं.

"नाय. दोघांना वाढलं, उरलं ते तुझ्या डब्यात भरलं. भावोजी बोलले, आज सांगून टाकतो तिला, पुढं बिरडं ठेवतो, मंग तिचा राग टिकायचा नाय. सोलून हाताची आग झाली, तेव्हाच मला समजायला पायजे व्हतं. इकडचे डॉक्टर बोलले, साली काढल्या म्हणून दोघं वाचले."

म्हणजे तो डबा आज रात्री रंभाच्या पुढ्यात आला असता. रागाने का होईना, तिने खाल्लं असतं.

"बाय, मी पावडर लावलेली. सांगायला पायजे व्हतं. मुद्दाम नाय सांगितलं."

"मला समजलं ते," हौसा म्हणाली. "मी पन मुद्दामच बघितलं नाय तुझ्याकडं."

डॉक्टर टेबलाच्या पलीकडे उभा राहून कागद चाळत होता. फोन आता ठेवावा, असं त्याला सुचवायचं होतं, पण सुचवत नव्हता.

"सगळेच शिजवलेस?" रंभाने विचारलं.

"दोन वाट्या. वालाचं शेत नाय, काय करायचं बी ठेवून, म्हणून काढले. बाकीचे काढवले नाय." जरा वेळाने तिने विचारलं, "ती पावडर लावलेलं बी उगवतं काय गो?"

"उगवतं. चांगलं उगवतं."

"मंग टाकू नको ना?"

"टाकू नको," रंभा म्हणाली. "भात कापला की घेऊन ये. नदीकाठचा तुकडा मोठा हाय. माझ्या एकटीच्यानं पेरवायचा नाय."

तिकडून हौसा काय म्हणाली ते फोनच्या खरखरीत ऐकू आलं नाही. पण ती काहीतरी म्हणाली होती एवढं नक्की.

रंभा खाटेपाशी परत आली तेव्हा दिनानाथचा हात खाली आला होता. ओठ कोरडे पडले होते. शांती कापूस पाण्यात बुडवून त्याच्या ओठांना लावत होती. वहिनीला बघून ती उठली आणि तिने स्टूल मोकळं केलं. दिनानाथने डोळे उघडले. नजर अजून पुरती ताळ्यावर नव्हती, पण त्याने बायकोला ओळखलं आणि तो घाबरला, हे तिला स्पष्ट दिसलं.

"डबा उघडलास?" त्याने विचारलं.

"उघडला."

"वयनीनं दिलाय. तुला." जीभ जड झाली होती, एकेक शब्द तो उचलून ठेवत होता. "मी सांगणारच व्हतो. कसं झालंय?"

हवालदार वही मिटून रेनकोट घालत होता. कागद चिकटवलेला डबा त्याच्या काखेत होता. रंभाने त्या डब्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"चांगलं झालंय," ती म्हणाली.